बिननावाचं औषध

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज चढला होता. उत्तरेश्वरनं किल्ली जोर लावून फिरवून बघितली, मग बाटलीतलं रॉकेल कुलपाच्या तोंडात सोडलं आणि ते आत मुरायची वाट बघत उभा राहिला. त्याच्या मागं शरणबसप्पा कातडी पिशवी छातीशी धरून उभा होता. उन्हानं दोघांच्याही सदऱ्यांच्या पाठी ओल्या झाल्या होत्या.

“पाव्हणे कुठले म्हणायचे?” फाटकाशी बसलेल्या तात्याराव वॉचमननं तिथूनच विचारलं.

“माझा कॉलेजातला दोस्त. साखरेचे काही नमुने तपासायचेत.”

कारखान्यात तपासायला साखर उरली नव्हती, हे तात्यारावाला ठाऊक होतं. ऊस शेतातच वाळल्यामुळं गळीत हंगाम संक्रांतीच्या आधीच आटोपला होता. कामगार रोजगार हमीवर खडी फोडायला गेले होते आणि एवढ्या थोरल्या आवारात वॉचमन आणि केमिस्ट उत्तरेश्वर अशी दोनच माणसं उरली होती. तात्यारावानं मान हलवून तोंड दुसरीकडं फिरवलं. केमिस्टसाहेबाची आई आजारी आहे, एवढं तो ऐकून होता. अशा माणसाला फार विचारू नये, असं त्याला वाटलं असावं.

कुलूप निघालं. आत कोंदट, आंबूस वास होता. रसाची गोडी मोजायच्या काचेच्या नळ्या धुळीनं पांढुरक्या झाल्या होत्या. शरणबसप्पानं टेबलावरून बोट फिरवलं, झाकण काढून तराजू बघितला, खिडकीतला पंखा चालतो का ते पाहिलं. एखादा माणूस नवं घर बघायला येतो, तसा तो सगळीकडून हिंडला.

“पाणी येतं का नळाला?”

“टाकीत आहे थोडं.”

“पुष्कळ झालं,” तो म्हणाला. “माझं काम लई थोडक्यात होतं.”

उत्तरेश्वरनं किल्ली त्याच्या हातात दिली. किल्ली द्यायचं त्यानं आदल्या आठवड्यातच मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या आठवड्यात शरणबसप्पा कितीतरी वर्षांनी उमरग्याला त्याच्या घरी आला होता. दोघं सोलापूरला एका खोलीत राहून शिकले होते. पुढं उत्तरेश्वर कारखान्यात चिकटला आणि शरणबसप्पा हैदराबादेकडं औषधांच्या कंपनीत गेला. तो आला तेव्हा कस्तुराबाई, म्हणजे उत्तरेश्वरची आई, भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिच्या पोटात गाठ होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी पोट उघडून तसंच शिवलं होतं आणि घरी न्या म्हणून सांगितलं होतं. उमरग्याचे डॉक्टर सज्जन होते, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. पूर्वी अशा दुखण्यावर द्यायचं इंजेक्शन ते कपाटात ठेवत. आता नशेच्या औषधांचा नवा कायदा आला होता. परवाने काढा, थेंबाथेंबाचा हिशोब द्या, चूक झाली तर तुरुंगात जा. त्यापेक्षा ठेवायलाच नको, असं त्यांनी करून टाकलं होतं.

कळ आली की कस्तुराबाई ओरडत नसे. ती बोलायची थांबे, डोळे छताला लावी आणि कपाळावर घामाचे थेंब येत. तुळजाबाई, तिची सून, हातातलं काम टाकून शेजारी बसे आणि मग दोघीही काही बोलत नसत. शरणबसप्पानं हे बघितलं. चहाचा कप खाली ठेवून त्यानं पिशवीतून बोटाएवढी बाटली काढली आणि ड्रॉपरनं एक थेंब म्हातारीच्या जिभेखाली सोडला.

चहा निवायच्या आत तिचा चेहरा बदलला. कपाळाच्या आठ्या एकेक करून उकलाव्यात तशा उकलल्या. तिनं मान वळवून घरातल्या माणसांकडं बघितलं.

“आडातून वर काढल्यावानी वाटायलंय,” ती म्हणाली, आणि पुढच्या घटकेला गाढ झोपली.

नंतर ओसरीवर बसून शरणबसप्पानं त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. परदेशात मोठ्या ऑपरेशनला वापरतात असं एक औषध आहे. अफूच्या कितीतरी पट ताकदीचं, पण त्यात अफूचा कणसुद्धा नाही. सगळं बाटल्यांतून तयार केलेलं. त्याची रचना त्यानं पुस्तकात वाचली आणि तिच्यातला एक बारीक तुकडा बदलला.

“तुकडा बदलला की पदार्थ नवा. नव्या पदार्थाला अजून नाव नाही. आणि ज्याला नाव नाही, त्याला कायदा काय म्हणून पकडणार?” बोलताना त्याचे डोळे चमकत होते. कॉलेजात सगळ्यांच्या आधी गणित सुटलं की तो असाच हसायचा. “कंपनी सोडली मी. हैदराबादेत एक माणूस आहे, तो माल घेतो. मला फक्त एक प्रयोगशाळा पाहिजे. तुझी बंदच आहे.”

तो माणूस मालाचं काय करतो, हे उत्तरेश्वरनं विचारलं नाही. त्यानं विचारलं ते एवढंच,

“माझ्या आईला पुरेल का?”

“तिला कधीच कमी पडू देणार नाही.”

तसं झालंही. चैत्र संपला तरी शरणबसप्पा प्रयोगशाळेतच मुक्कामाला होता. दिवसभर आत काम करायचा, संध्याकाळी आवारातल्या लिंबाखाली तात्यारावाबरोबर भाकरी खायचा. कस्तुराबाईचे दिवस सुखाचे जाऊ लागले. ती उठून बसे. सुनेकडून फणी मागून घेऊन तिनं आपले केस विंचरले. तुरीची डाळ निवडायला घेतली आणि दुकानदारानं खडे घातलेत म्हणून त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. ते ऐकून तुळजाबाई स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून हसली आणि मग डोळे पुसायला लागली. “येरमाळ्याच्या देवीला एकदा जाऊन यावं म्हणते,” म्हातारी शेजारणीला सांगे. गाठ होती तिथंच होती आणि वाढतही होती. पण घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, आणि उत्तरेश्वरला तेवढंच हवं होतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली होती. थेंब दिला की आईच्या डोळ्यांतली बाहुली आकसून खसखशीच्या दाण्याएवढी होई. भर अंधाऱ्या खोलीतही ती मोठी होत नसे.

वैशाखातल्या एका दुपारी तो हमरस्त्यानं सायकलवरून घरी चालला होता. महालिंगप्पाच्या ढाब्यासमोर ट्रकांची रांग लागली होती आणि एका ट्रकच्या दाराशी चारपाच माणसं जमली होती. महालिंगप्पानं त्याला लांबूनच ओळखलं.

“केमिस्टसाहेब, जरा हिकडं या हो! ह्यो माणूस उठंनाच की.”

ड्रायव्हर सीटवर मागं रेलून बसला होता. वय तिशीच्या आतलं. दाढी नुकतीच केलेली. झोपलेल्या माणसासारखाच दिसत होता, पण ओठ जांभळे पडले होते. उत्तरेश्वर केबिनमध्ये चढला. त्यानं त्याच्या नाकाशी हात धरला. श्वास आला, आणि पुढचा इतक्या उशिरा आला की मधल्या वेळात उत्तरेश्वरचाच जीव गुदमरला. त्यानं अंगठ्यानं पापणी वर केली.

बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी होती.

“काय घेतलंय ह्यानं?”

एक वयस्क ड्रायव्हर पुढं झाला. “नवी पुडी आलीय हैदराबादेकडून. पाठीची कळ जाती म्हणून घेत्यात समदी. ह्यो मच्छिंद्र तर रोज घ्यायचा. काल बी तेवढीच घेतली, काय झालं न्हाय. आज बी तेवढीच घेतलीय.”

महालिंगप्पाच्या जीपमधून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. उत्तरेश्वर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. गाव लागायच्या आधी केव्हातरी पुढचा श्वास आलाच नाही. तो वाट बघत राहिला, जीप थांबली तरी वाट बघत राहिला.

डॉक्टरांनी तपासून हात धुतले. “हृदय बंद पडलं,” ते म्हणाले.

“तसं नाही, डॉक्टर. ह्यानं औषध घेतलं होतं. अफूसारखं, पण अफू नव्हे.”

“नाव काय त्याचं?”

“नाव नाही त्याला.”

“नाव नाही, तर मी काय लिहू?” डॉक्टर रागावले नव्हते, दमले होते. “आणि इथून कुठं तपासायला पाठवू? काय शोधा म्हणून सांगू?”

मच्छिंद्र अणदूरचा होता. सोलापूरच्या रस्त्यावरच गाव लागतं, तेव्हा महालिंगप्पानं जीप तशीच पुढं न्यायचं ठरवलं. कोणीतरी बरोबर जायला हवं होतं. कोणी काही म्हणायच्या आत उत्तरेश्वर मागं चढून बसला.

मच्छिंद्रच्या आईला, भिमाबाईला, खडीच्या कामावरून बोलावून आणलं. तिच्या हातांना, पापण्यांना दगडाचा पांढरा भुगा लागला होता. घर एका खोलीचं, पत्र्याचं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. बायांचा आक्रोश उठला, पण भिमाबाई रडली नाही. लेकाच्या तोंडावरून ती हात फिरवत राहिली. भुग्यानं त्याचा गाल पांढरा झाला तसा तिनं तो पदरानं पुसला. मग तिनं उत्तरेश्वरकडं बघितलं.

“तुमी हुता का जवळ?”

“होतो.”

“दुखलं का वं त्याला?”

“नाही,” तो म्हणाला. “झोपल्यासारखा गेला.”

“लई उपकार झाले, साहेब. वाटंवर एकटा न्हाई गेला.”

परतीच्या वाटेवर महालिंगप्पा बोलत होता आणि उत्तरेश्वरला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

जीप त्यानं कारखान्याच्या फाटकाशी थांबवायला लावली. ऊन उतरलं होतं. शरणबसप्पा खिडकीपाशी बसून एक नळी उजेडात धरून बघत होता.

“ढाब्यावर एक ड्रायव्हर मेला,” उत्तरेश्वर म्हणाला. “तुझा तो माणूस पुड्या बांधून ट्रकवाल्यांना विकतोय.”

शरणबसप्पानं नळी हळूच खाली ठेवली. “कुठल्या मालातली पुडी? पहिल्या, की ह्या आठवड्यातल्या?”

“एवढंच विचारायचंय तुला?”

“ह्या आठवड्यातला ताकदीला जास्त आहे. मी त्याला बजावलं होतं, कमी करून दे म्हणून.”

“आणि त्यानं कुणाला बजावलं?”

शरणबसप्पा आपल्या बोटांकडं बघू लागला. त्याचा चेहरा पडला होता, हे उत्तरेश्वरला दिसलं. पण तो बोलला ते वेगळंच.

“मी वाईट वस्तू केलेली नाही, उत्तरेश्वर. तुझ्या आईला विचार.”

“तिला मोजून देणारं माणूस घरात आहे. त्याला कोण होतं?”

उत्तरेश्वरनं फळीवरच्या बाटल्या उचलायला सुरुवात केली.

“हे टाकलंस तर आईचं काय करणार?”

उत्तरेश्वरचा हात थांबला. बाहेर तात्याराव शेळीला हाका मारत होता. तो आवाज थांबेपर्यंत उत्तरेश्वर तसाच उभा राहिला, मग एकेक बाटली उचलून टोपलीत ठेवू लागला. बॉयलरमागच्या राखेच्या खड्ड्यात त्यानं सगळं ओतलं, वर उसाच्या वाळक्या चोयट्या टाकल्या, रॉकेल शिंपडलं आणि काडी लावली. शरणबसप्पानं त्याला अडवलं नाही. त्यानं साबणानं हात धुतले आणि पिशवी बंद केली.

“मला जागा कुठंही मिळेल,” जाताना तो म्हणाला. “बंद पडलेल्या खोल्या काय कमी आहेत?” थोड्या वेळानं तो हमरस्त्याच्या कडेला हैदराबादेकडं जाणाऱ्या ट्रकला हात करताना दिसला.

घरची बाटली मात्र उत्तरेश्वरनं टाकली नव्हती. ती देवळीत होती आणि तिचा तळ दिसायला लागला होता.

सकाळी तो ड्रॉपर घेऊन आईजवळ बसला. तिनं तोंड उघडलं नाही.

“काल अणदूरला कशाला गेलतास?”

“तुला कुणी सांगितलं?”

“जीप समद्या गावानं बघितली. आल्यापास्नं जेवला न्हाईस. काय झालंय?”

तो सांगणार नव्हता. पण एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. किल्ली, पुड्या, जांभळे ओठ, राखेचा खड्डा, सगळं त्यानं सांगितलं. दारात उभी राहून तुळजाबाईही ऐकत होती. सांगून झाल्यावर कस्तुराबाईनं बाटलीकडं बोट केलं.

“म्हंजी माझ्या जिभंवर पडतंय, तेच?”

“तेच.”

“त्याच्या मायला काय सांगितलंस?”

“दुखलं न्हाई म्हणून सांगितलं.”

“आन् दुसरं?”

उत्तरेश्वर जमिनीकडं बघू लागला.

“बाटलीत किती ऱ्हायलंय?”

“आजच्यापुरतं.”

“मंग आज ऱ्हाऊ दे. उद्या सकाळी दे. मला अणदूरला घेऊन चल.”

“आत्याबाई, तुम्हाला जीपचे हिसके सोसायचे न्हाईत,” तुळजाबाई म्हणाली. “आन् तिथं जाऊन बोलणार तरी काय?”

“ते माझं मी बघते.”

तो दिवस कस्तुराबाईनं कसा काढला, ते घरातल्या दोघांनी बघितलं. उत्तरेश्वर दोनदा बाटली घेऊन तिच्याजवळ गेला. दोन्ही वेळा तिनं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी थेंब लागू पडल्यावर तिनं धुतलेलं लुगडं नेसवून घेतलं. महालिंगप्पानं जीपमध्ये गादी टाकली होती. अणदूरला भिमाबाईच्या घरासमोर ती लेकाच्या आधारानं उतरली. अशा वस्तीत जन्मात कधी तिचं पाऊल पडलं नव्हतं. दारापर्यंत आल्यावर तिनं उत्तरेश्वरचा हात सोडला आणि चौकटीला धरून उभी राहिली.

“बाई, मी उमरग्याची. आत येऊ का?”

भिमाबाईनं तिच्याकडं बघितलं, तिच्या सुजलेल्या पायांकडं बघितलं. “या,” ती म्हणाली. शेजारच्या बायका उठून बाहेर आल्या. दार लोटलं गेलं.

उत्तरेश्वर भिंतीच्या सावलीत बसला. महालिंगप्पा चहाला म्हणून हमरस्त्याकडं गेला. आतून आधी भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग आईचा आवाज, अगदी हळू. शब्द कळत नव्हते. मधे एकदा आवाज थांबला. भिमाबाईच्या तोंडून एकच आवाज निघाला, ठेच लागल्यावर निघतो तसा. परवा ती रडली नव्हती. आता रडत होती, आणि बराच वेळ रडली. सावली सरकून उत्तरेश्वरच्या पायांवर ऊन आलं, तरी तो हलला नाही.

दार उघडून भिमाबाई बाहेर आली. तिनं त्याला उठू दिलं आणि मग त्याच्याकडं बघितलं.

“तुमच्या आईनं सांगितलं समदं.”

“मी परवाच सांगायला पाहिजे होतं.”

“परवा तुमी म्हनला, त्याला दुखलं न्हाई.”

“ते खरं होतं.”

“त्या बी तेच म्हनल्या. ते खरंय म्हनल्या.” तिनं पदरानं डोळे पुसले. “आनखी हाय का ते तुमच्याजवळ?”

ती ते कशासाठी मागते आहे, हे त्याला कळेना. पोलिसांना दाखवायला, की त्याच्या तोंडावर फेकायला. दोन्हीला त्याची तयारी होती. “नाही. कारखान्यातलं सगळं जाळलं. आईपुरतं ठेवलं होतं, ते आज सकाळी संपलं.”

“मंग आता त्यांना दुखायला लागंल.”

“हो.”

“लागलंय. बोलंनात, पर मला दिसायलंय.”

तो घाईनं दाराकडं वळला. भिमाबाईनं चौकटीवर आडवा हात धरला.

“तुमी न्हाई,” ती म्हणाली. “तुमी बाहीरच बसा.”

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. उत्तरेश्वर होता तिथं पुन्हा खाली बसला. आत गोधडी झटकल्याचा, पसरल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. मग त्याच्या आईचं कण्हणं ऐकू आलं, मोठ्यानं. एवढ्या दिवसांत घरी ती एकदाही अशी कण्हली नव्हती.

“कुठं दुखतंय, बाई?” भिमाबाई विचारत होती. “हितं?”

“खाली,” कस्तुराबाई म्हणाली. “जरा खाली.”